वायरलेस लिंक टाकताना: आधी वाट तपासा, मग हवा, डबा सगळ्यात शेवटी

वायरलेस आयएसपी (हवेतून इंटरनेट पुरवणारी कंपनी) चालू करणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठला रेडिओ घेऊ? युबिक्विटी घेऊ का मिक्रोटिक, का थोडे जास्त घालून कॅम्बियम? प्रश्न चुकीचा नाहीये, फक्त फार लवकर विचारलेला असतो. मधे झाड असेल, बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) गच्च भरलेला असेल किंवा टॉवरवरची बॅटरी तासाभरात बसत असेल तर महागातला महाग रेडिओही तिथे रडणारच, आणि ग्राहक शिव्या तुम्हालाच घालणार. म्हणून मी क्रम उलटा लावतो. आधी वाट म्हणजे पाथ, मग फ्रिक्वेन्सी, मग बजेट म्हणजे डीबीचं बजेट (डीबी हे सिग्नल किती वाढला-घटला याचं माप), मग कपॅसिटी, आणि मग कॅटलॉग उघडायचा.

दुसरं म्हणजे डिझाइन नेहमी वाईट तासासाठी करायचं. दुपारी कोरड्या हवेत, नेटवर्क रिकामं असताना स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट सगळ्यांचाच भारी येतो. संध्याकाळी सगळे ग्राहक व्हिडिओ बघतायत, बाहेर पाऊस कोसळतोय आणि वीज गेलीय, तेव्हा लिंक काय करते ते महत्त्वाचं.

पायरी १: वाट खरंच मोकळी आहे का

समोरचा टॉवर डोळ्याला दिसतो म्हणजे लाइन ऑफ साइट आहे, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण रेडिओला सरळ रेषेभोवती मधे फुगलेली जागा मोकळी लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. मधोमध तिची त्रिज्या काढायचं सोपं सूत्र आहे: अंतर किलोमीटरमध्ये भागिले फ्रिक्वेन्सी गीगाहर्ट्झमध्ये, त्याचं वर्गमूळ, गुणिले ८.६६, उत्तर मीटरमध्ये. १० किमीची लिंक ५.८ गीगाहर्ट्झवर असेल तर ११.४ मीटर येतात. यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे साधारण ६.८ मीटर. त्यात पृथ्वीचा फुगवटा मिळवा, १० किमीला मधोमध दीड मीटर, २० किमीला जवळपास ६ मीटर आणि ३० किमीला १३ मीटरच्या वर, म्हणजे अंतर दुप्पट झालं की फुगवटा चौपट होतो हे विसरायचं नाही.

आता हेच जमिनीवर उतरवून बघा. दोन्ही टोकं आणि मधली जमीन एका पातळीवर आहे, मधे १२ मीटर उंच झाडं आहेत. १२ अधिक ६.८ अधिक १.५, म्हणजे २०.३ मीटर, आणि झाडं वाढतात म्हणून वर अजून ३ मीटर धरा. दोन्हीकडे साधारण २३ मीटर उंची हवी. कोणी १५ मीटरचा पोल लावून 'दिसतंय की समोरचं' म्हणत असेल तर लिंक लागेलही कदाचित, पण पानं ओली झाली की काय होतं ते तो पहिल्या पावसात बघेल.

उंचीचा प्रोफाइल काढायला गूगल अर्थ चालतं, रेडिओ मोबाइल आहे, कॅम्बियमचं लिंकप्लॅनर आहे. पण यांच्या मागे बहुतेक वेळा सॅटेलाइट किंवा शटलचा उंचीचा डेटा असतो, त्यातला एसआरटीएम तर फेब्रुवारी २००० मध्ये गोळा केलेला आहे. त्यानंतर उभी राहिलेली बिल्डिंग, वाढलेली झाडं, टाकी, होर्डिंग त्याला काय माहीत! म्हणून कागदावर हिरवा रंग आला तरी साइटवर जायचं, वर चढायचं, दुर्बीण लावायची आणि नेमकं जिथे अँटेना बसणार आहे त्या उंचीवरून फोटो काढायचा. खालून काढलेला फोटो काही कामाचा नाही. मधल्या शंकेच्या जागेवर प्रत्यक्ष जाऊन यायला अर्धा दिवस जातो, पण तो जाऊ द्या.

तलाव, खाडी, मिठागर किंवा मोठं सपाट पत्र्याचं छप्पर वाटेत असेल तर जास्त सावध. पाण्यावरून परावर्तित होऊन येणारी लहर सरळ लहरीला कधी साथ देते कधी मारते, त्यामुळे सिग्नल दिवसातून वरखाली नाचतो आणि रेडिओत काहीच बिघाड सापडत नाही. इथे उंचीच वाढवत बसू नका, कधी कधी एका टोकाचा अँटेना खाली घेऊन परावर्तनाची जागा बिल्डिंगआड किंवा झाडाआड लपवली की लिंक एकदम शांत होते.

पायरी २: कुठला बँड

५ गीगाहर्ट्झ हा कामाचा बैल आहे, लांब जातो, पावसाला जुमानत नाही, गिअर म्हणजे सामान मुबलक. दोष एकच, सगळे तिथेच आहेत. शिवाय अनेक देशांत ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झमध्ये डीएफएस लागतं, म्हणजे रेडिओने चॅनल वापरण्याआधी निदान ६० सेकंद रडार ऐकायचं, आणि रडार दिसलं की चॅनल सोडून तिथे ३० मिनिटं फिरकायचं नाही. युरोपच्या नियमांत हवामान रडारच्या ५६०० ते ५६५० पट्ट्यात तर ऐकायची वेळ १० मिनिटं आहे. विमानतळ किंवा हवामान रडार जवळ असेल तर बॅकहॉल (टॉवरला मुख्य नेटवर्कशी जोडणारी लिंक) डीएफएस चॅनलवर ठेवू नका, आणि नाइलाज असेल तर रडार लागल्यावर कुठल्या चॅनलवर उडी मारायची ते आधीच सेट करून ठेवा. देश चुकीचा निवडून डीएफएस बंद करणं वगैरे जुगाड करू नका, विमानांना हवामान दाखवणारी रडार त्यात आंधळी होतात.

६० गीगाहर्ट्झ छोट्या अंतराला भारी आहे. चॅनल रुंद, बीम बारीक, आणि हवेतला ऑक्सिजनच सिग्नल खातो, किलोमीटरला साधारण १५ डीबी, त्यामुळे शेजाऱ्याचा त्रास जवळजवळ शून्य. हे शोषण ६० च्या आसपास सगळ्यात जास्त आहे, ६६ च्या वर चांगलंच उतरतं, म्हणून गिअर आणि नियम परवानगी देत असतील तर लांबच्या लिंकला वरचे चॅनल घ्या. पण खरा खेळ पावसाचा आहे. तासाला ५० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडत असेल तर ६० काय आणि ८० गीगाहर्ट्झचा ई-बँड काय, किलोमीटरला १५ ते २० डीबी सहज जातात. त्याच पावसात ५ गीगाहर्ट्झला डीबीच्या काही दशांशांपलीकडे काही होत नाही. म्हणून मुसळधार पावसाच्या भागात ६० गीगाहर्ट्झ किलोमीटरभरातच ठेवा आणि सोबत ५ गीगाहर्ट्झची बारीक लिंक बॅकअपला लावा. पाऊस आला की स्पीड पडेल, पण नेट बंद पडणार नाही, आणि 'स्लो आहे' आणि 'बंद आहे' या दोन तक्रारींत जमीनअस्मानाचा फरक असतो.

६ आणि ११ गीगाहर्ट्झसारखे लायसन्सवाले बँड मुख्य बॅकहॉलला मिळत असतील आणि परवडत असतील तर फार विचार करू नका. शंभर ग्राहक ज्या एका दोरीला लटकलेत ती दोरी फुकटच्या बँडवर ठेवायची हिंमत मला तरी होत नाही.

पायरी ३: डीबीचं बजेट, आणि हे हातानेच करा

सॉफ्टवेअर करतं सगळं, पण एकदा हाताने केलं की आकड्यांची जाण येते. मोकळ्या हवेतला लॉस म्हणजे ९२.४५ अधिक २० गुणिले अंतराचा लॉग अधिक २० गुणिले फ्रिक्वेन्सीचा लॉग, अंतर किमीत, फ्रिक्वेन्सी गीगाहर्ट्झमध्ये. १० किमी आणि ५.८ ला येतात १२७.७ डीबी.

आता समजा तुमच्याकडे ईआयआरपीची मर्यादा ३६ डीबीएम (पॉवरचं माप) आहे. ईआयआरपी म्हणजे पॉवर अधिक अँटेनाचा गेन (तो सिग्नल एका दिशेला किती एकवटतो ते, माप डीबीआय), त्यामुळे ३० डीबीआयची डिश लावली की रेडिओची पॉवर ६ डीबीएमवर आणावी लागते, २५ ची लावली तर ११ वर. समोर किती पोचलं? ३६ वजा १२७.७ अधिक समोरच्या डिशचे ३०, म्हणजे उणे ६१.७ डीबीएम. समोर २५ ची डिश असेल तर उणे ६६.७. बघा इथे गंमत, मर्यादेमुळे मोठी डिश पाठवताना काहीच जास्त देत नाही, पण ऐकताना सरळ ५ डीबी जास्त देते आणि बीम बारीक असल्याने आजूबाजूची बडबडही कमी ऐकते. म्हणून पैसे डिशवर घाला, पॉवरवर नको. पॉवर फुल करून ठेवणारे लोक आपल्याच टॉवरवरच्या दुसऱ्या रेडिओचे कान फोडतात.

उणे ६२ चांगला का वाईट? एकट्या या आकड्याला अर्थ नाही. ४० मेगाहर्ट्झ चॅनलला कागदावरचा नॉइज फ्लोअर (मुळातच असणाऱ्या गोंगाटाची पातळी) साधारण उणे ९२ येतो (२० ला उणे ९५, ८० ला उणे ८९), म्हणजे एसएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर) ३०, २५६ क्वॅम (एका सिंबॉलमध्ये जास्त बिट कोंबणारी वेगवान पद्धत) मिळेल अशी आशा. पण जाग्यावर स्पेक्ट्रम स्कॅन केला आणि त्या चॅनलवर नॉइज उणे ८२ निघाला तर हातात उरले २०, आता १६ क्वॅमवर समाधान माना. हे मोजमाप खुर्चीत बसून होत नाही. स्कॅन दोन्ही टोकांवर करायचा, कारण नॉइज ऐकणाऱ्याकडे असतो, आणि संध्याकाळच्या गर्दीत करायचा. एका टोकाला चॅनल स्वच्छ आणि दुसऱ्याला घाण असं सर्रास असतं, मग रेडिओ सोय देत असेल तर दोन दिशांना वेगवेगळी फ्रिक्वेन्सी ठेवता येते.

फेड मार्जिन म्हणजे लिंक तुटायच्या आधी किती डीबी पडू शकतात. ५ गीगाहर्ट्झच्या १० किमीला मी १५ च्या खाली जात नाही, लांब लिंक किंवा पाणी असेल तर २० ते २५. शिवाय दोन मार्जिन वेगळी काढा: एक लिंक जिवंत राहायचं, दुसरं तुम्हाला लागणारी कपॅसिटी टिकायचं. विक्रेता पहिलं सांगतो, तुम्हाला दुसरं लागतं.

अपटाइमचे आकडेही खरे करून बघा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, ९९.९९ म्हणजे ५३ मिनिटांच्या आसपास. सहा लिंकची साखळी असेल आणि प्रत्येक ९९.९ ची, तर शेवटच्या टॉवरवाल्याला वर्षात दोन दिवसांहून जास्त अंधार. साखळी लांबवण्यापेक्षा रिंग करा.

पायरी ४: कपॅसिटी, म्हणजे एअरटाइम (हवेत बोलायला मिळणारा वेळ)

डब्यावर लिहिलेला स्पीड हा हवेतला दर असतो, तोही दोन्ही दिशांचा मिळून. प्रत्यक्षात त्याच्या ५० ते ७० टक्के मिळाले तर ठीक, आणि तेही डाउनलोड अपलोडमध्ये वाटायचे.

सेक्टरसाठी (टॉवरवरचा एका बाजूच्या ग्राहकांचा अँटेना) माझा हिशोब असा: पीक अवरला प्रति ग्राहक सरासरी वापर गुणिले ग्राहक, अधिक सगळ्यात मोठा एक प्लॅन. समजा सरासरी ३ एमबीपीएस, ग्राहक ३०, मोठा प्लॅन ५० चा, तर १४० एमबीपीएस खरे डाउनलोड हवेत. हे ३ एमबीपीएस धरलेले आहेत, तुमचा आकडा तुमच्याच ग्राफवरून काढा आणि दर सहा महिन्यांनी परत काढा, तो वाढतच जातो. बॅकहॉलला सगळ्या सेक्टरची पीकची बेरीज लावा आणि ती ६०-७० टक्क्यांच्या वर गेली की अपग्रेडच्या मागे लागा.

आता सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं तर एका वाईट सिग्नलवाल्या ग्राहकाने. २५६ क्वॅम ५/६ वर प्रत्येक सिंबॉलमागे साधारण ६.७ बिट जातात, क्यूपीएसके १/२ या हळू पद्धतीवर एकच. म्हणजे कडेच्या त्या ग्राहकाला तोच व्हिडिओ द्यायला सहापटीहून जास्त वेळ हवा अडकते, आणि तो वेळ बाकीच्या सगळ्यांच्या ताटातून जातो. सेल्सवाला म्हणतो 'लागतंय ना, जोडून टाक', तुम्ही नाही म्हणायला शिका. सेक्टरवर किमान सिग्नल ठरवा, माझा उणे ६५ आहे, त्याच्या खाली मोठी डिश लावा, पोल उंच करा, नाहीतर त्याच्या जवळ छोटी साइट होईपर्यंत वेटिंगवर ठेवा.

पायरी ५: आता गिअर

आता कुठे खरेदी. ग्राहक असलेल्या सेक्टरला टीडीएमएवर (प्रत्येकाला बोलायची ठरलेली पाळी) चालणारी प्रणाली हवीच, साध्या वाय-फाय पद्धतीत एकमेकांना न ऐकणारे सीपीई (ग्राहकाकडचे रेडिओ) एकाच वेळी बोलतात आणि दहा-पंधरा ग्राहकांनंतर पिंग उड्या मारायला लागतो. एका टॉवरवर तीन-चार सेक्टर असतील तर जीपीएस सिंक बघून घ्या, सगळे एपी (टॉवरवरचे रेडिओ) एकाच वेळी बोलतात आणि एकाच वेळी ऐकतात, त्यामुळे पाठीला पाठ लावलेल्या सेक्टरवर तोच चॅनल परत वापरता येतो. सिंकसाठी सगळीकडे फ्रेमची लांबी आणि अप-डाउनचं प्रमाण सारखं ठेवावं लागतं, हे विसरलं तर सिंक असून नसल्यासारखं.

अँटेना घेताना गेनच्या आधी फ्रंट टू बॅक रेशो (समोरच्या तुलनेत मागचं किती कमी ऐकतो) आणि साइड लोब (बाजूला सांडणारा बीम) बघा. गर्दीच्या जागी हॉर्न अँटेना गेनला कमी असूनही जिंकतो, कारण बाजूचं काही ऐकतच नाही. १२० डिग्रीचा एक सेक्टर घेऊन भागवण्यापेक्षा ६० किंवा ९० चे जास्त घ्या. ओम्नी म्हणजे चारी दिशांना फेकणाऱ्या अँटेनाबद्दल बोलायलाच नको.

बाकी बघायचं ते असं: पोर्ट गिगाबिट आहे का (रेडिओ ५०० चा आणि पोर्ट १०० चा, असे नमुने अजून विकले जातात), तापमानाची रेंज, स्पेक्ट्रम अॅनालायझर लिंक न पाडता चालतो का, एसएनएमपी (दुरून आकडे वाचायची सोय) आहे का, आणि फर्मवेअर अपडेट येतायत का. सगळं नेटवर्क शक्यतो एक-दोन ब्रँडवर ठेवा, नाहीतर स्पेअरचं गोडाऊन होतं.

पायरी ६: वीज, केबल, अर्थिंग

लिंक डाउनचा कॉल आला की रेडिओकडे बघायच्या आधी इथे बघा. माझ्या मते निम्म्याहून जास्त रात्री याच तीन गोष्टी खातात.

पीओई (इथरनेट केबलमधूनच दिलेली वीज) दोन जातीचा, २४ व्होल्ट पॅसिव्ह आणि ४८ व्होल्ट स्टँडर्ड. पॅसिव्ह विचारत नाही, सरळ करंट सोडतो, चुकीच्या पोर्टात गेला की पुढचा डबा मेला. म्हणून इंजेक्टरवर लेबल लावाच. पीओईचं ८०२.३एटी स्टँडर्ड पोर्टवर ३० वॉट देतं पण १०० मीटरच्या टोकाला २५.५ चीच हमी असते. केबल शुद्ध तांब्याची, आउटडोअर, शिल्डेड. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते पण रेझिस्टन्स निम्म्याहून जास्त वाढतो, उंच टॉवरवर व्होल्टेज पडून रेडिओ नेमका लोडवर असताना रीबूट होतो, आणि हा फॉल्ट शोधताना माणूस वेडा होतो.

रेडिओत शिरायच्या आधी केबलला खाली एक झोल द्या, पाणी त्या झोलावरून गळून जाईल. तो नसला की पाणी जॅकेटच्या आतून उतरतं आणि खाली स्विचच्या पोर्टात पिना हिरव्या झालेल्या सापडतात, वर रेडिओ मात्र ठणठणीत. सर्ज प्रोटेक्टर दोन्ही टोकांना लावा, आणि सगळं अर्थिंग एकाच ठिकाणी एकत्र बांधा, टॉवरचं वेगळं आणि रॅकचं वेगळं राहिलं तर वीज पडल्यावर त्या दोघांतला फरक तुमच्या इथरनेटमधूनच वाहणार.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. साइटचा लोड मोजा, समजा ६० वॉट. २४ व्होल्ट १०० अँपिअर-अवर म्हणजे २४०० वॉट-अवर. लीड अॅसिड असेल तर निम्मेच वापरायचे, २० तास. लिथियम फॉस्फेटचे ८० टक्के वापरता येतात, ३२ तास. यात कन्व्हर्टरचा लॉस आणि बॅटरीचं म्हातारपण धरून २०-२५ टक्के कमी करा. घरगुती यूपीएस लावून डीसीचं एसी आणि परत डीसी करत बसू नका, सरळ डीसीवर चालवा.

पायरी ७: अलाइनमेंट

३० डीबीआय डिशचा बीम पाच-सहा डिग्रीचा, ६० गीगाहर्ट्झच्या डिशचा एक-दोन डिग्रीचा. आधी कंपास आणि फोटोवरून ढोबळ धरा. मग एकच टोक हलवायचं, दुसऱ्या टोकावरच्याने हात खिशात घालून उभं राहायचं. आडवं पूर्ण फिरवा, सिग्नल वाढतो, शिखर येतं, पडतो, परत थोडा वाढतो, ते छोटं शिखर म्हणजे साइड लोब. पूर्ण झाडून काढल्याशिवाय कुठलं शिखर मोठं ते कळत नाही. मग उभं, म्हणजे टिल्ट, जे लोक हमखास विसरतात. मग दुसरं टोक, मग परत पहिलं.

आता बजेटचा आकडा काढा. उणे ६२ यायला हवे होते आणि उणे ६४ आले तर खाली उतरा. उणे ७९ आले तर साइड लोबवर बसलायत किंवा मधे काहीतरी आहे, 'लिंक तर लागली' म्हणून खूश होऊ नका. दोन्ही पोलरायझेशनमध्ये (लहरीच्या दोन दिशा) ३ डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर कनेक्टर, पिगटेल (छोटी जोडकेबल) आणि झाडाची फांदी तपासा. नट आवळताना स्क्रीनवर नजर ठेवा, शेवटच्या पाव फेरीत डिश सरकते आणि दोन-तीन डीबी खाऊन जाते, म्हणून दोन बाजूंचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे.

पायरी ८: वरचं नेटवर्क आणि पहारा

सगळं ब्रिज करून (एकाच मोठ्या नेटवर्कमध्ये जोडून) ठेवू नका, एका ग्राहकाने राउटरची केबल उलटी लावली की सगळं गाव बसतं. प्रत्येक टॉवरवर राउटिंग, ओएसपीएफ (आपोआप वाट निवडणारा प्रोटोकॉल), आणि रिंग असेल तर बीएफडी (लिंक मेल्याचं झटकन ओळखणारा), म्हणजे रेडिओ मेला पण पोर्ट जिवंत आहे अशा वेळी ट्रॅफिक लवकर दुसऱ्या वाटेला जाईल. मॅनेजमेंटचं व्हीलॅन (त्याच केबलवरचं स्वतंत्र नेटवर्क) वेगळं. ट्रॅफिक शेपिंगला फेअर क्यूइंगवालं (सगळ्यांना सारखी पाळी देणारं) काहीतरी लावा, केक किंवा एफक्यू-कोडेल, लिंक भरली तरी गेमवाल्याचा पिंग शाबूत राहतो आणि अर्धे कॉल कमी होतात.

मॉनिटरिंगला लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स, काहीही चालेल, पण फक्त पिंग बघू नका. सिग्नल, एसएनआर, मॉड्युलेशन, इथरनेटचा स्पीड, बॅटरीचं व्होल्टेज, सगळ्याचा ग्राफ हवा. लिंक लावली त्या दिवशीचे आकडे लिहून ठेवा आणि त्यापासून ५ डीबी घसरलं की अलार्म. पोर्ट गिगाबिटवरून १०० वर आला की त्याचाही अलार्म, ते केबल सडत असल्याचं लक्षण असतं आणि तुटायच्या आधी बऱ्याचदा काही आठवडे मिळतात.

प्रत्येक मॉडेलचा एक स्पेअर, कॉन्फिगचा बॅकअप टॉवरच्या नावाने सेव्ह केलेला, आणि स्पेअरमध्ये चालू फर्मवेअर आधीच टाकलेलं असू द्या, टॉवरखाली मोबाइलच्या हॉटस्पॉटवर फर्मवेअर उतरवत बसायची ती वेळ नसते.